एरेबुनी : एका नावाचा इतिहास

तालीन वोस्कुनी यांची ‘सॉरी, ब्रो’ ही इंग्रजी कादंबरी इ. स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सॅन फ्रान्सिस्कोतील नारे नावाच्या आर्मेनियन तरुणीपुढे तिची आई उपवर आर्मेनियन तरुणांची यादी ठेवते; आणि मुलगी प्रेमात पडते ती एरेबुनी नावाच्या तरुणीच्या! प्रेमकथा हलकीफुलकी खरी, परंतु तिच्यामागील इतिहास मुळीच हलका नाही.

नायिकेच्या प्रियेचे नावच पाहा. उरार्तूचा राजा अर्गिष्टी याने इ. स. पूर्व ७८२ च्या सुमारास बांधलेल्या किल्ल्याचे नाव एरेबुनी. त्याचे अवशेष येरेवान शहरात आहेत. किल्ला उभारल्याचे सांगणारा कीलाकार लिपीतील शिलालेख १९५० मध्ये उत्खननात सापडला आणि शहराचे वय निश्चित झाले; १९६८ मध्ये येरेवानने आपली २७५० वर्षे थाटाने साजरी केली. लेकीला किल्ल्याचे नाव देणाऱ्या समाजाला पूर्वजांची आठवण किती जपावीशी वाटत असेल!

म्हणूनच नारेच्या आईचा हट्ट निव्वळ सनातनीपणाचा म्हणवत नाही. (अशी यादी आपल्याही घरांना अपरिचित नाही.) २४ एप्रिल १९१५ रोजी ओटोमन सरकारने कॉन्स्टँटिनोपल येथे आर्मेनियन लेखक व पुढारी यांची धरपकड केली, पुढे सिरियाच्या वाळवंटाकडे हाकललेल्या काफिल्यांत व कत्तलींत लक्षावधी माणसे मेली. उरलेले अलेप्पो, बैरूत, मार्सेय, फ्रेस्नो असे पांगले. अशा समाजात प्रत्येक विवाह म्हणजे एक शिरगणतीच असते.

झाल्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने संबोधावे, एवढेच या लोकांचे जगाकडे मागणे होते. अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तसे ठराव केले ते २०१९ मध्ये. अध्यक्ष बायडेन यांनी ‘वंशसंहार’ हा शब्द वापरला तो २०२१ मध्ये. शंभर वर्षे सत्याच्या उच्चाराचा आग्रह धरणाऱ्या या समाजाच्या लेकीला स्वतःविषयीचे सत्य मात्र घरात लपवावे लागते. कादंबरीचे मर्म मला येथे वाटते.

आणि गंमत अशी की, नारेला आपल्या संस्कृतीचे सौंदर्य दाखविते ती एरेबुनीच. आईच्या यादीने जे साधले नाही ते या प्रेमाने साधते. आर्मेनियन उत्सवाच्या अखेरच्या मेजवानीस सारा गोतावळा जमणार असतो. त्या सर्वांदेखत आपण एरेबुनीची म्हणून उभे राहावे की नाही, हा नारेपुढील प्रश्न आहे.