प्रकाशकाची विद्या : खिळ्यांच्या कारखान्यापासून विद्यापीठापर्यंत

श्रोतेहो, शाळेत नवे पुस्तक आले की आपण त्याचे नाव बघतो, लेखक कोण ते बघतो, आणि मुलांच्या हाती देतो. आतल्या पानावर प्रकाशकाचेही नाव असते. तिकडे सहसा कोणाची नजर जात नाही. त्यात नवल नाही. ताटातली भाकरी खाताना ज्वारी कोणी पेरली, हे तरी कोण विचारतो? पण भाकरीमागे जसा शेतीचा हिशेब असतो, तसा पुस्तकामागेही असतो. कोणते हस्तलिखित घ्यायचे, किती प्रती छापायच्या, किंमत काय ठेवायची आणि छापलेला माल वाचकाच्या दारी कसा न्यायचा, हे सारे ठरवणारा तो प्रकाशक. ही विद्या माणसे आजवर कशी शिकली, आणि ती पुढे विद्यापीठात का शिकवावी लागली, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आधी मुंबईतला एक मुलगा बघू. त्याचे नाव जावजी दादाजी. जन्म 1839 सालचा, घरची गरिबी. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तो अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. काम खिळे घासण्याचे, पगार महिना दोन रुपये. खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरे. ती ओतल्यावर घासून सारखी करावी लागत. एक खिळा उंच आणि शेजारचा ठेंगणा राहिला, तर कागदावर ओळ नीट उठत नाही. पोराच्या हाताला ही पहिली शिकवण मिळाली.

पुढे त्यांनी मुंबईतल्या आणखी काही छापखान्यांत नोकऱ्या केल्या. 1864 मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला, आणि 1869 मध्ये 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. अक्षरांचे साचे कोरणारे राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी माणूस त्यांच्या सोबतीला होता. निर्णयसागरचे देवनागरी वळण पुढे देशभर नावाजले गेले. 1886 पासून त्यांनी 'काव्यमाला' काढली आणि जुनी संस्कृत काव्ये एकामागून एक छापून बाहेर आणली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. निर्णयसागरचे पंचांगही निघत असे. पंचांग दरसाल नवे लागते, आणि ते घरोघर लागते. संस्कृत काव्याचे तसे नाही. त्याला गिऱ्हाईक थोडे, आणि तेही सावकाश येणारे. एका बाजूला हमखास खपणारा माल आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू खपणारा मोलाचा ग्रंथ, अशी दोन्ही कामे एका छताखाली चालली. ज्वारीच्या जोडीला तूर घेणाऱ्या शेतकऱ्याला यातली मेख वेगळी सांगायला नको. आज परदेशातल्या वर्गांत हाच धडा मोठमोठे तक्ते मांडून शिकवतात.

पण उमेदवारीने मिळालेल्या विद्येला एक मर्यादा आहे. ती हातात आणि डोक्यात राहते. 1892 मध्ये जावजी वारले. त्यांच्या घरच्यांनी छापखाना चालवला, नावही राखले. सगळीकडे मात्र असे होत नाही. पुष्कळ ठिकाणी मालक गेला की त्याचे अंदाजही त्याच्याबरोबर जातात. मग नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून ठेचा खातो.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या माणसाचे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे गरिबीतून छापखान्यात आलेले कामगार नव्हते. ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून 1911 मध्ये पीएच्. डी. झाले. परत आल्यावर त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचे मनावर घेतले. विद्वत्ता होती, जिद्द होती. पण ज्ञानकोश म्हणजे एकट्याने लिहायची पोथी नव्हे. लेखक जमवायचे, त्यांना वेळेवर पैसे द्यायचे, कागद आणायचा, आणि पुस्तक निघण्याआधीच वर्गणीदार मिळवायचे. हे काही त्यांना कॉर्नेलमध्ये कोणी शिकवले नव्हते.

मग केतकरांनी काय केले? त्यांनी नागपुरात 'ज्ञानकोश मंडळ' नावाची मर्यादित कंपनी उभी केली आणि तिचे भाग लोकांना विकले. भागीदार आणि वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव फिरले. पुढे काम पुण्याला नेले. 1920 नंतरच्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे 23 खंड पुरे झाले. आणि एवढ्यावरच न थांबता त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने मंडळाचा इतिहासही लिहून ठेवला. ज्ञानकोशाइतकेच मोल मी या पुस्तकाला देतो. अडचणी सोसणारे पुष्कळ असतात. त्या पुढच्यासाठी कागदावर उतरवणारा एखादाच.

अनुभव असा लिहून ठेवला, त्याची मांडणी केली, म्हणजे तो शिकवता येतो. हे जर्मनीतल्या पुस्तकवाल्यांनी लवकर ओळखले. लाइपझिग ही त्यांची मोठी पेठ. तिथे 1825 मध्ये त्यांनी आपला संघ स्थापला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला धंद्यातल्या उमेदवारांसाठी शाळा काढली. दुकानातले काम चालू ठेवायचे आणि जोडीला शाळेत जायचे, अशी ती रीत.

पदवीधरांसाठी वेगळे शिक्षण मात्र बरेच पुढे आले. अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजात 1947 साली उन्हाळी सुटीत सहा आठवड्यांचा वर्ग सुरू झाला. धंद्यातल्या अनुभवी माणसांनी येऊन पदवीधर मुलामुलींना शिकवायचे, असा तो बेत होता. हा वर्ग नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठाने 1982 मध्ये प्रकाशनविद्येचे केंद्र काढले. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठाने 1995 मध्ये प्रकाशनाची एम्. ए. च्या तोडीची पदवी सुरू केली. आपल्याकडे 1957 मध्ये नॅशनल बुक ट्रस्टची स्थापना झाली. या संस्थेने प्रकाशनाचे शिक्षणवर्गही चालवले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ग्रंथप्रकाशनाची पदव्युत्तर पदविका काढली.

तुम्ही म्हणाल, या वर्गांत शिकवतात तरी काय? मुद्रिते तपासणे, लेखकाशी करार करणे, हक्क विकणे, जाहिरात, आणि आता संगणकावर वाचायची पुस्तकेही. पण सगळ्याच्या मुळाशी एक साधे गणित आहे. ते आत्ताच करून बघू. आकडे समजुतीपुरते आहेत.

समजा, एका पुस्तकाच्या संपादनाला, अक्षरजुळणीला आणि मुखपृष्ठाला 40,000 रुपये लागले. प्रती कितीही काढा, हा खर्च ठरलेला. शिवाय कागद, छपाई आणि बांधणी मिळून दर प्रतीला 60 रुपये. 500 प्रती काढल्या तर एक प्रत 140 रुपयांना पडते. 2,000 काढल्या तर 80 रुपयांनाच. किंमत ठेवली 200. त्यातून विक्रेत्याची सूट 70 आणि लेखकाचे मानधन 20 गेले, की प्रकाशकाच्या हाती 110 उरतात. म्हणजे 500 प्रती काढून सगळ्या खपल्या, तरी दर प्रतीला 30 रुपये तोटा. 2,000 काढून सगळ्या खपल्या, तर दर प्रतीला 30 रुपये नफा.

मग काढाव्यात की 2,000! पण थांबा. 2,000 छापल्या आणि खपल्या 500 च, तर काय होते? खर्च झाला 1,60,000, हाती आले 55,000. उरलेल्या 1,500 प्रती कोठीत, वाळवीच्या स्वाधीन. 1,05,000 रुपये बुडाले. आता हा प्रकाशक पुढचे चांगले हस्तलिखित कशाच्या जोरावर घेणार? अंदाज एका पुस्तकाचा चुकतो, आणि त्याची शिक्षा पुढच्या लेखकाला आणि वाचकाला भोगावी लागते. खेड्यातल्या वाचकाला तर जास्तच. पैसा आटला की लांबच्या गावी पुस्तके पाठवण्याचा खर्च आधी तुटतो.

यावर कोणी म्हणेल, पोहणे का पोथीतून येते? खिळे घासल्यावाचून जावजी घडले असते का? आक्षेप खरा आहे. हस्तलिखित हाती घेतल्यावर त्यातला जिवंतपणा ओळखायची नजर कोणताही वर्ग देणार नाही. ती वाचून वाचूनच येते. पण 110 आणि 140 मधला फरक चटका बसून शिकावा, असे थोडेच आहे? जे सांगून कळते, त्यासाठी एकेका प्रकाशनसंस्थेचा बळी कशाला द्यायचा? म्हणूनच बरे अभ्यासक्रम विद्यार्थ्याला वर्गात बसवतात, आणि काही काळ प्रकाशनसंस्थेत कामालाही धाडतात. लाइपझिगची जुनी रीत ती हीच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे सारे तुम्हाला सांगण्याचे कारण आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर शाळामास्तरच होते. 'निबंधमाला' त्यांनी 1874 मध्ये नोकरीत असतानाच सुरू केली. पुढे नोकरी सोडून पुण्यात शाळा काढण्यात, वर्तमानपत्रे आणि छापखाना उभा करण्यात ते पडले. तुमच्या वर्गातही एखादी मुलगी अशी असेल, की जी ग्रंथालयातले कपाट पालथे घालते आणि हिशेबालाही पक्की आहे. आपण तिला सांगतो, बाई, तू मास्तरीण हो नाहीतर लेखिका हो. तिसरीही वाट आहे. तीही सांगा. पदवी झाल्यावर ही विद्या शिकता येते, हे तिला आणि तिच्या आईवडिलांना ठाऊक असू द्या.

आणि उद्या वर्गात नवे पुस्तक उघडाल, तेव्हा मुलांना प्रकाशकाचे नाव वाचायला लावा. किती प्रती काढल्या असतील, किंमत एवढीच का, आपल्या गावापर्यंत ते आले कसे, हे विचारा. गणिताच्या तासाला वरचे उदाहरण फळ्यावर मांडून बघा. 1,000 प्रती काढल्या तर काय होईल, ते उत्तर मी मुद्दामच सांगितलेले नाही. मुलांना काढू द्या.