फ्लॉरेन्समधले आपले छत्रपती

युरोपच्या सहलीत फ्लॉरेन्सला एक दुपार मोकळी मिळाली. ग्रुपमधली मंडळी चामड्याच्या बाजारात शिरली. मी आणि ही ट्रामनं कास्चिने बागेत गेलो. बाग कसली, नदीकाठचं रानच ते! चालून चालून पाय दुखले की हो.

पार टोकाला आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते. तिथंच छत्रीखाली पागोटं घातलेला रंगीत अर्धपुतळा. कोल्हापूरचे राजाराम महाराज. ताराराणींचे पती नव्हेत, हे नंतरचे, दुसरे. १८७० साली विलायतेहून परत येताना ३० नोव्हेंबरला ते इथं वारले. वय अवघं वीस. दहनाची चाल त्या गावात नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि संगम बघून रात्री चिता रचली गेली. १८७४ मध्ये हे स्मारक झालं. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. बडोदेकरांनो, तुमच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे मँट ते हेच बरं का! शेजारच्या मोठ्या पुलालाही नाव ‘इंदियानो’, म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल.

हिचं माहेर कोल्हापूर. चपला काढून ती कितीतरी वेळ हात जोडून उभी होती. मग म्हणाली, “घरी कळायला किती दिवस लागले असतील हो?”

मी काय सांगणार? आमचा मुलगा चार वर्षं जर्मनीत आहे. बेळगावला यायचं त्याचं दरवेळी पुढं जातं. परतताना ट्राममध्ये बसल्या बसल्या तिनं त्याला फोन लावला.