डोक्यावरची स्क्रीन

परवा कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा शिरोली एमआयडीसीत मामाच्या वर्कशॉपमध्ये डोकावलो. लेथवरचा माणूस सारखा हात पुसून भिंतीवरचं ड्रॉइंग बघायला जायचा. मामा म्हणाला, "हाताला तेल, कागदाला तेल. तुमच्या कॉम्प्युटरात ह्याच्यावर काय हाय का न्हाई?"

आहे ना! निदान तसं आपण साठ वर्षं म्हणतोय. १९६०च्या दशकात बेल हेलिकॉप्टर कंपनीत पायलटच्या डोक्यावरची स्क्रीन हेलिकॉप्टरखालच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला जोडली, अंधारात उतरता यावं म्हणून. आयव्हन सदरलंडने कॅमेऱ्याच्या जागी कॉम्प्युटर लावला. १९६८ चं त्याचं यंत्र छतातून लोंबणाऱ्या दांड्याला जोडलेलं असे, कारण डोकं कुठे वळलं ते त्यावरून कळायचं. आणि दिसायचं काय, तर नुसत्या रेघांचा ठोकळा!

मामाची अडचण खरी ओळखली ती बोइंगने. विमानातल्या वायरींचे जुडगे बांधायला तिथे मोठमोठे प्लायवूडचे बोर्ड लागायचे. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये मांडलं, की कुठली वायर कुठे जाते ते डोळ्यांसमोरच दाखवू. 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' हा शब्द तिथलाच. १९९३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात लेझर प्रिंटरची देखभाल शिकवणारी अशीच सिस्टिम झाली. तिचं नाव काय असेल? कर्मा!!

मग आला गूगल ग्लास. त्यातल्या कॅमेऱ्यामुळे लोक बिचकले, आणि २०१५ मध्ये सामान्यांसाठी विक्री थांबली. २०१७ मध्ये तो कारखान्यांसाठी परत आला. २०२३ मध्ये तेही बंद.

म्हणजे सगळं फुकट? नाही. ठाण्याची अज्नालेन्स व्हीआर हेडसेटवर वेल्डिंग शिकवते. नवशिक्याने शंभरदा टाका चुकवला तरी रॉड वाया जात नाही, की हात भाजत नाही.

पण लेथवर अजून का नाही? कारण चष्म्यात दिसणारी माहिती आधी कुणीतरी भरावी लागते. बोइंगकडे ती कॉम्प्युटरमध्ये तयार असते. मामाकडे रोज नवा जॉब, आणि ड्रॉइंग येतं व्हॉट्सअ‍ॅपवर, तेही तिरका फोटो! त्या तिरक्या फोटोचं काय करायचं हे आपल्यासारख्यांनी सोडवायला हवं, आणि आपण मात्र चष्मा हलका करत बसलोय.

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तवर ड्रॉइंगला प्लॅस्टिक लावतो."

असो. मी निघेपर्यंत लावलंही होतं.