मुठीतून कोठीत : छत्तीसगडचे अन्नदान आणि आपण

अन्नदानाची थोरवी आपल्याकडे इतकी गाइली गेली आहे की, त्या दानाला काही इतिहास आहे आणि त्या इतिहासात घेणाराचाही वाटा आहे, याचा विचार सहसा होत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या विषयाकडे वळण्याचे कारण असे की, ज्या भूमीत आपण पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केले, तिची अन्नदानाची रीत आपल्या रीतीहून निराळी आहे आणि तिची ओळख करून घेण्याचे आपण बरेचसे टाळले आहे.

छत्तीसगडशी मराठ्यांचा संबंध आला तो धान्य देणारे म्हणून नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी १७४१ साली रतनपूरवर स्वारी केली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरासच राहून कारभार पाहिला. रतनपूरच्या रामटेकडीवरील मंदिर त्यांचेच. त्यांच्या पश्चात मात्र सुभेदारी आली. सत्ता नागपुरात, सुभेदार येथे, आणि त्याचे लक्ष वसुलीवर! या काळाविषयी इतिहासकारांनी बरे लिहिलेले नाही, व आपणही त्याचे समर्थन करण्याच्या भरीस पडू नये. १८१८ नंतर इंग्रजी देखरेखीखाली मुख्य ठाणे रायपुरास आले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले.

राज्यकर्त्यांच्या अन्नदानाचा मार्ग सर्वपरिचित आहे. मठास, देवस्थानास जमीन लावून द्यावयाची आणि तिच्या उत्पन्नातून अतिथी-अभ्यागतांची पंगत चालवावयाची. रायपूरच्या दूधाधारी मठाला भोसल्यांचा आश्रय लाभला. (ज्या बलभद्रदास महंतांवरून मठास हे नाव पडले, ते स्वतः केवळ दुधावर राहत, ही गंमत जाता जाता नोंदवावीशी वाटते.) या व्यवस्थेत भुकेल्यास अन्न मिळे, यात शंका नाही, परंतु देणारा वर आणि घेणारा खाली, ही पायरी काही मोडत नसे.

आता छत्तीसगडी खेड्याकडे पाहावे. पौष पौर्णिमेस येथे छेरछेरा साजरा होतो. भाताची मळणी आटोपलेली असते, कोठ्या भरलेल्या असतात. त्या दिवशी मुले, तरुण आणि नाचणारांचे मेळे दारोदार जाऊन धान मागतात. कोणीही विन्मुख पाठवावयाचा नाही, असा संकेत आहे. विशेष हे की, मागण्यास गरीब जातो तसा संपन्न घरचा मुलगाही जातो. ज्याच्या दारी आज मागितले, त्याचाच मुलगा दुसऱ्याच्या दारी उभा असतो. मागण्याची लाज सर्वांनी वाटून घेतली की ती लाज उरतच नाही, हे शहाणपण कोणा ग्रामीण प्रतिभेस सुचले, कोण जाणे!

कित्येक गावांत असे जमलेले धान ‘रामकोठी’त पडते. रामकोठी म्हणजे गावाचे सामाईक धान्यकोठार. ना ते मालगुजाराचे, ना सावकाराचे. आषाढ-श्रावणात घरची कोठी रिती होते, पेरणी-रोवणीची कामे अंगावर असतात आणि नवे पीक दूर असते. अशा वेळी गरजू कुटुंब रामकोठीतून धान नेते व कापणीनंतर थोडी भर घालून परत करते. सावकाराच्या सवाई-दिढीपुढे ही भर हलकी. शिवाय ती पुन्हा गावाच्याच कोठीत जाते. येथे मोजमाप काठ्याने होते आणि वीस काठ्यांची एक खंडी. आपली खंडीही विसाचीच, फक्त मणांची. नेणारा हा याचक नसतो, खातेदार असतो. माझ्या मते या संस्थेचे सारे मर्म येथे आहे.

महाराष्ट्रातही दानातून निधी घडविण्याचे प्रयत्न झाले, आणि ते शिक्षणाच्या निमित्ताने झाले. माधुकरी मागून व वार लावून शिकणारी मुले हे पुण्याचे एकेकाळचे नित्याचे दृश्य होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातींच्या मुलांच्या वसतिगृहासाठी गावोगावच्या गृहिणी दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढीत. तोच ‘मूठ फंड’. वसतिगृहातील मुलांच्या जेवणापायी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, ही हकीकत सुविदित आहे. पुढे विनोबांनी सर्वोदयपात्राची कल्पना मांडली, तीत मूठ घरातील मुलाची असावी असा आग्रह होता.

गावच्या कोठीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जे शेत कोठी भरते तेच पावसाअभावी करपले, तर गरजू आणि दाता एकदमच भुकेले होतात. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी छत्तीसगडात हेच घडविले. दुसऱ्या दुष्काळात मध्य प्रांत सरकारला गावोगावी शिजविलेले अन्न वाटावे लागले. स्थानिक दानाने शासनाचे उत्तरदायित्व संपत नाही, हा त्याचा अर्थ. २०१२ साली छत्तीसगड विधानसभेने अन्नसुरक्षेचा कायदा संमत केला. त्याअन्वये पात्र कुटुंबास महिन्याला ३५ किलो धान्य नाममात्र दराने देण्याची तरतूद झाली. धान्य हा हक्क ठरला.

मग आपल्यासारख्या मंडळास काय उरते? शिधापत्रिकेने तांदूळ मिळतो, पण चूल मिळत नाही. रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रुग्ण येतात. त्यांच्या नातलगांची भांडी-सरपण गावीच राहिलेले असते. आपण गणेशोत्सवात महाप्रसाद करतो, तो भाद्रपदात, म्हणजे नेमक्या रित्या कोठीच्या दिवसांत. परंतु पंगतीस बसतो तो बहुतेक पोटभर जेवलेला वर्ग. तेव्हा सुचवावेसे वाटते की, येत्या पौष पौर्णिमेस मंडळाच्या मुलांनीही शेजारच्या मुलांबरोबर छेरछेरा मागावयास निघावे, आलेले धान्य मंडळाच्या एका खोलीत साठवावे आणि रुग्णांच्या नातलगांसाठी आठवड्यातून दोन वेळा तरी चूल पेटवावी. देणगीदार मिळतील. अडचण येईल ती सकाळी सहा वाजता तांदूळ निवडावयास बसणाऱ्या हातांची, आणि मूठभर धान्याचाही हिशेब वर्षभर लिहून ठेवणाऱ्या एका चिकाटीच्या माणसाची.