प्रकरणविभागणी, मराठी ग्रंथांतील : पोथी ते ई-पुस्तक

ग्रंथातील सलग मजकुराचे अर्थदृष्ट्या स्वतंत्र असे भाग पाडून त्यांचा क्रम, नाव व सीमा वाचकास दाखविण्याच्या पद्धतीस प्रकरणविभागणी म्हणतात. अध्याय, सर्ग, प्रसंग, समास, अवस्वर, प्रकरण ही अशा भागांची मराठीतील निरनिराळी नावे होत. भाग पाडण्याचे काम ग्रंथकाराचे असले, तरी ते वाचकाच्या नजरेस आणून देण्याचे साधन काळानुसार बदलत गेले आहे. पोथीत ते प्रामुख्याने शब्दांनी साधले जाई, छापील पुस्तकात पृष्ठरचनेने साधले जाते आणि ई-पुस्तकात संगणकास कळणाऱ्या खुणांनी साधावे लागते.

पोथी : हस्तलिखित पोथीची पाने सुटी असत व त्यांवर पत्रांक घातलेला असे. मजकूर बहुधा शब्दांत अंतर न सोडता लिहिला जाई. एक अध्याय संपून दुसरा त्याच ओळीत सुरू झाला, तरी वाचकाची अडचण होत नसे. कारण अध्यायाच्या अखेरीस ग्रंथाचे नाव व अध्यायाचा क्रमांक सांगणारे समाप्तिवाक्य (पुष्पिका) येई. ते ठळक दिसावे म्हणून पुष्कळदा त्यावर गेरू फिरवीत किंवा ते तांबड्या शाईने लिहीत. पानांची संख्या प्रतीगणिक बदलत असल्यामुळे संदर्भ देताना पत्रांकापेक्षा अध्याय व ओवी यांचा आधार घेतला जाई. ज्ञानेश्वरीचे (१२९०) अठरा अध्याय गीतेच्या अध्यायांना अनुसरून आहेत. दासबोधात वीस दशक व प्रत्येक दशकात दहा समास अशी दोनशे समासांची मांडणी आहे. त्यामुळे दशक, समास व ओवी एवढे सांगितले, की कोणत्याही प्रतीत ते स्थळ सापडते. महानुभाव पंथातील म्हाइंभटाच्या लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे भाग असून त्यांत लीळा येतात. मात्र निरनिराळ्या प्रतींत लीळांचे क्रमांक जुळत नसल्यामुळे संदर्भ देताना कोणती प्रत वापरली, हेही नमूद करावे लागते. विभागणी स्थिर असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून दिसून येते.

मुद्रण : फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वर आहेत. देवनागरी खिळ्यांनी मराठी मजकूर छापण्याच्या कामास बंगालमधील सेरामपूर (श्रीरामपूर) येथे आरंभ झाला व विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण तेथे १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षरच उमटत असल्यामुळे पोथीचे वळण बराच काळ टिकून राहिले. आडव्या, सुट्या पानांच्या पोथ्या आजही छापल्या जातात. बांधीव पुस्तकात मात्र सर्व प्रतींचे पृष्ठ एकसारखे झाले. त्यामुळे पृष्ठांक देणारी अनुक्रमणिका, नव्या पृष्ठावर सुरू होणारे प्रकरण, मोठ्या अक्षरातील मथळा आणि पृष्ठाच्या माथ्यावरील प्रकरणनाम या सोयी रूढ झाल्या. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीपासून मराठी गद्यकथेस प्रकरणांची सवय लागली. पुढे ह. ना. आपटे यांच्या करमणूक (१८९०) या साप्ताहिकातून कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या, तेव्हा प्रकरण हे वाचनाप्रमाणेच प्रकाशनाचेही एकक बनले.

संगणकावरील अक्षरजुळणी : विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा अंतर्भाव होता. तथापि मुद्रणव्यवसायात दीर्घकाळ असे टंक वापरले गेले, की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसविलेले होते. कागदावर छपाई निर्दोष होई. परंतु तो टंक नसलेल्या यंत्रावर तीच धारिका उघडली असता रोमन अक्षरांची अर्थहीन मालिका दिसते. अशा धारिकांतील पुस्तके ई-पुस्तकात आणण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, विशेषतः जोडाक्षरे व रफार यांबाबत, पुन्हा तपासावी लागतात.

ई-पुस्तक : पीडीएफ धारिका ही छापील पानाचीच प्रतिमा असल्याने तीत मथळे जागच्या जागी राहतात, पण भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर अक्षर बारीक होते. ही अडचण ईपब या प्रमाणाने दूर केली. ते २००७ मध्ये मान्य झाले, त्याची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१७ पासून त्याचे काम डब्ल्यू३सी या संस्थेकडे आहे. किंडल हे वाचनयंत्रही २००७ मध्येच बाजारात आले; त्यावर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय २०१६ च्या अखेरीस झाली. अशा पुस्तकात अक्षराचा आकार वाचक ठरवितो व त्यानुसार मजकूर नव्याने मांडला जातो. परिणामी पृष्ठ स्थिर राहत नाही आणि पृष्ठांकाची अनुक्रमणिका निरुपयोगी ठरते.

ईपब म्हणजे एचटीएमएल पद्धतीच्या अनेक लहान धारिकांचे एकत्र बांधलेले गाठोडे होय. धारिकांचा वाचनक्रम त्यात नोंदलेला असतो. प्रकरणाचे नाव शीर्षक म्हणून खुणेने सांगितलेले असते आणि त्या शीर्षकांकडे नेणारी स्वतंत्र मार्गदर्शक सूची असते. ही खूण नसेल, तर ठळक टंकातील मथळा मानवी डोळ्यास मथळा वाटतो, पण वाचनयंत्राच्या दृष्टीने तो साधा परिच्छेदच राहतो.

स्वप्रकाशन : पूर्वी ग्रंथकारास मुद्रणालय गाठावे लागे. आता वाशिम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावी राहणारा लेखकही आपले पुस्तक घरबसल्या प्रसिद्ध करू शकतो. परंतु जुळारी व मुद्रितशोधक यांचे कामही त्याच्यावरच येते. सर्वसामान्य चूक अशी, की प्रकरण नव्या पानावर आणण्यासाठी एंटर कळ वारंवार दाबली जाते आणि मथळा केवळ मोठा व ठळक केला जातो. पडद्याचा आकार बदलताच रिकाम्या ओळी भलतीकडे पडतात, मथळा मागील प्रकरणाच्या शेपटास चिकटतो व सूची रिकामी राहते. यावरील उपाय सोपा आहे. मजकूर युनिकोडमध्ये असावा. प्रत्येक प्रकरणाच्या नावास शब्दसंस्कारकातील हेडिंग-१ ही शैली व उपविभागास हेडिंग-२ लावावी. नव्या पानासाठी पेज ब्रेकची आज्ञा वापरावी. सूची हाताने न लिहिता शीर्षकांवरून तयार करवावी. ग्रंथाची भाषा मराठी असल्याची नोंद केल्यास, सोय असलेल्या टंकांत ल व श यांची मराठी वळणे मिळतात. ओव्या व कविता यांचे चरण ओळभंगाच्या खुणेने तोडावेत, मोकळ्या जागा भरून नव्हे. शेवटी ईपबचेक या साधनाने धारिका तपासून, लहान व मोठ्या अशा दोन्ही पडद्यांवर ती उघडून पाहावी.

दृष्टिहीन वाचकांच्या बाबतीत या खुणांचे महत्त्व अधिक आहे. मजकूर वाचून दाखविणारी संगणकीय साधने शीर्षकावरून शीर्षकावर जाऊ शकतात. खुणा नसल्यास वाचकास संपूर्ण ग्रंथ ओळीने ऐकावा लागतो.

पृष्ठाचा आधार नसलेल्या पोथीत अध्यायाची सीमा मजकुरातच सांगितलेली असे. ई-पुस्तकातही पृष्ठाचा आधार उरलेला नाही. म्हणून तेथेही ती मजकुराबरोबरच नोंदवावी लागते. पुष्पिका लिहिणाऱ्या लेखनिकाचे हे काम आता ग्रंथकाराकडे आले आहे.