अकरा मोठे की नऊ?

बेसबॉलमधला सर्वश्रेष्ठ संघ कोणता, असं अमेरिकेत कुणाही दोन शौकिनांना विचारा. रात्र सरेल, पण वाद सरणार नाही. आपल्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत त्यांच्या घरात हा विषय एकदा तरी निघालेला असतोच. आमच्या गोतावळ्यातही एक फळी सेंट लुईसची आहे आणि एक लॉस एंजेलिसची! मी शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे मला खेळापेक्षा वादाच्या पद्धतीतच जास्त रस वाटतो. मोठेपण ठरवायचं कशानं? जिंकलेल्या चषकांची संख्या मोजली की झालं का?

ज्यांना या खेळाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मेजर लीग बेसबॉल म्हणजे मुळात दोन लीग. नॅशनल लीग १८७६ साली सुरू झाली आणि अमेरिकन लीग १९०१ पासून तिच्या बरोबरीला आली. आपापल्या लीगमध्ये पहिलं येणं म्हणजे 'पेनंट' जिंकणं. मग दोन्ही लीगचे विजेते समोरासमोर येतात, ती 'वर्ल्ड सीरिज'. ही मालिका १९०३ पासून चालू आहे. १९०४ आणि १९९४ ही दोन वर्षंच काय ती खाडा पडला. 'फ्रँचायझी' हा शब्द आयपीएलमुळे आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खेळाडू बदलतात, मालक बदलतात, कधी कधी गावसुद्धा बदलतं, पण संघाची नोंदवही एकच राहते.

अमेरिकन लीगपुरता हा वाद पाच मिनिटांत मिटतो. न्यूयॉर्क यांकीजनी ४१ पेनंट आणि २७ वर्ल्ड सीरिज जिंकल्या आहेत. त्यांच्यामागे असलेल्या बोस्टन रेड सॉक्स आणि अॅथलेटिक्स यांच्या खात्यात प्रत्येकी नऊ. इथे चर्चेला जागाच नाही. खरी गंमत नॅशनल लीगमध्ये आहे, कारण तिथे तीन दावेदार आहेत आणि तिघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

पहिला दावा सेंट लुईस कार्डिनल्सचा. वर्ल्ड सीरिजची ११ विजेतेपदं, म्हणजे नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त. १९ वेळा अंतिम मालिका खेळले, त्यांतल्या ११ जिंकल्या. खुद्द यांकीजशी पाचदा गाठ पडली आणि तीनदा त्यांना हरवलं. सेंट लुईस काही न्यूयॉर्क-शिकागोसारखं अवाढव्य शहर नव्हे. पण १९५४ पर्यंत मेजर लीगमधलं ते सर्वांत पश्चिमेचं आणि सर्वांत दक्षिणेचं गाव होतं, आणि केएमओएक्स या रेडिओ केंद्रामुळे त्यांचे सामने आसपासच्या कितीतरी राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरात पोचत. तिथल्या माणसांना आपला असा संघ हाच. शिवाय त्यांच्याकडे स्टॅन म्युझियल होता. त्याने कारकिर्दीत ३६३० हिट्स मारल्या, त्यांतल्या १८१५ घरच्या मैदानावर आणि १८१५ बाहेरच्या मैदानांवर! इतका समतोल हिशेब एखाद्या वाण्याच्या वहीतसुद्धा सापडायचा नाही.

दुसरा दावा जायंट्सचा. हे आधी न्यूयॉर्कचे, १९५८ पासून सॅन फ्रान्सिस्कोचे. २३ पेनंट, ८ वर्ल्ड सीरिज आणि मेजर लीगमधल्या कुठल्याही संघापेक्षा जास्त सामने जिंकल्याचा मान. जॉन मॅकग्रॉ या तापट गृहस्थाने १९०२ ते १९३२ अशी तीस वर्षं संघ चालवला आणि दहा पेनंट मिळवली. १९०५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये ख्रिस्ती मॅथ्यूसन या पिचरने तीन पूर्ण सामने समोरच्या संघाला एकही रन न देता जिंकले. पुढे १९५१ मध्ये विली मेज आला, आणि त्याच्याहून चौफेर खेळाडू झालाच नाही असं मानणारे पुष्कळ आहेत.

तिसरा दावा डॉजर्सचा. आधी ब्रुकलिन, १९५८ पासून लॉस एंजेलिस. पेनंट २६, म्हणजे तिघांत सर्वांत जास्त. पण वर्ल्ड सीरिज २३ वेळा खेळून विजेतेपदं ९. यांकीजपुढे तर बारा वेळा उभे राहिले आणि आठ वेळा हरले. १९४१ ते १९५३ या काळात यांकीजनी त्यांना अंतिम मालिकेत पाचदा पाणी पाजलं. 'थांबा, पुढच्या वर्षी बघा' हे ब्रुकलिनकरांचं पालुपदच झालं होतं. १९५५ साली एकदाचे ते जिंकले.

नुसती बेरीज-वजाबाकी केली तर निकाल सरळ आहे. अकरा नवापेक्षा मोठे, विषय संपला. कार्डिनल्सवाले हेच म्हणतात. पण वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचो, की सनावळीतला आकडा कधी एकटा वाचू नये, त्याच्या शेजारी त्या काळात काय चाललं होतं तेही वाचावं. तेच इथे करून पाहू.

१८८४ साली टोलेडोच्या संघातून मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये खेळला. त्यानंतर दार बंद झालं. गोऱ्या मालकांनी आपसात ठरवून टाकलं, की काळा खेळाडू घ्यायचा नाही. नियम अलिखित होता, पण पाळला गेला लिखित नियमापेक्षा काटेकोरपणे. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरला तेव्हा मधे त्रेसष्ट वर्षं गेली होती. एवढ्या काळात काळ्या खेळाडूंना त्यांच्या वेगळ्या 'निग्रो लीग'मध्येच खेळावं लागलं.

आता १९४७ ही रेघ ओढून तिन्ही संघांची विजेतेपदं पुन्हा मोजा. कार्डिनल्सच्या अकरांपैकी सहा या रेघेच्या आधीची आहेत : १९२६, १९३१, १९३४, १९४२, १९४४ आणि १९४६. जायंट्सच्या आठांपैकी चार आधीची. डॉजर्सच्या नवांपैकी आधीचं एकही नाही! १९५५, १९५९, १९६३, १९६५, १९८१, १९८८, २०२०, २०२४ आणि २०२५. नऊच्या नऊ दार उघडल्यानंतरची. म्हणजे सर्वांना खेळू दिल्यानंतरचा हिशेब असा होतो : डॉजर्स ९, कार्डिनल्स ५, जायंट्स ४.

कुणी म्हणेल, काळे खेळाडू आले म्हणून एवढा काय फरक पडला? नॅशनल लीगमध्ये दरवर्षी सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार देतात. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत तो नऊ वेळा कृष्णवर्णीय खेळाडूला मिळाला. रॉबिन्सन एकदा, रॉय कॅम्पानेला तीनदा, मग मेज, न्यूकम, हँक आरन आणि दोनदा अर्नी बँक्स. अकरा वर्षांत ज्यांनी नऊ पुरस्कार नेले, तसे किती जण आधीच्या त्रेसष्ट वर्षांत बाहेर राहिले असतील? मेजर लीगनेच २०२० साली निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदवहीत घेतले. त्याबरोबर कारकिर्दीतल्या सर्वोच्च बॅटिंग सरासरीचा मान टाय कॉबकडून जॉश गिब्सनकडे गेला. गिब्सनला मेजर लीगमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. रॉबिन्सन उतरला त्याच्या तीनच महिने आधी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो वारला.

या गोष्टीतला एक धागा मात्र सेंट लुईसकडेच जातो. रॉबिन्सनला करारबद्ध करणारा ब्रँच रिकी हा आधी कार्डिनल्सचा माणूस. पैसेवाल्या संघांशी टक्कर द्यायची तर तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा छोट्या गावांतले संघ हाताशी धरून तिथे पोरं तयार करावीत, ही 'फार्म सिस्टम' त्याने सेंट लुईसमध्ये उभी केली. कार्डिनल्सची तिसऱ्या-चौथ्या दशकातली सगळी श्रीमंती त्या मळ्यातली. १९४२ च्या हंगामानंतर तो ब्रुकलिनला गेला आणि तीन वर्षांनी रॉबिन्सनशी करार केला. सेंट लुईसमध्ये असताना त्याने हे केलं नाही. स्पोर्ट्समन्स पार्क या तिथल्या मैदानात १९४४ पर्यंत काळ्या प्रेक्षकांना बसायची जागासुद्धा वेगळी होती. १९४७ च्या मे महिन्यात, रॉबिन्सनविरुद्ध खेळायचं नाही असा बेत कार्डिनल्सच्या काही खेळाडूंनी केल्याची बातमी न्यूयॉर्कच्या हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये आली होती. खेळाडूंनी ती नाकारली आणि इतिहासकारांत अजून तिच्यावर वाद आहे. संप झाला नाही एवढं नक्की. कार्डिनल्सकडून पहिला काळा खेळाडू, टॉम ऑल्स्टन, उतरला तो १९५४ साली. आणि दहा वर्षांनी त्याच संघाने यांकीजना हरवलं ते बॉब गिब्सन, लू ब्रॉक, बिल व्हाइट आणि कर्ट फ्लड यांच्या जोरावर. दार उघडल्याचा फायदा सेंट लुईसलाही झाला, फक्त उशिरा.

आता माझ्या या मोजणीवर जे आक्षेप येतील तेही पाहिले पाहिजेत.

पहिला आक्षेप : म्युझियलचा यात काय दोष? काहीच नाही. समोर जो आला त्याच्याशी तो खेळला आणि १९४७ नंतरही सोळा हंगाम तितक्याच तोलामोलाने खेळला. मी खेळाडूंना गुण देत नाहीये, संघांना देतोय. कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही हे संघ ठरवतो.

दुसरा आक्षेप : डॉजर्स तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? खरं आहे. रॉबिन्सन आधी कॅन्सस सिटी मोनार्क्स या निग्रो लीगच्या संघात होता. त्या संघाला रिकीने एक डॉलरही दिला नाही. चांगले खेळाडू असे निघून गेले आणि निग्रो लीग कोसळल्या. त्यांच्याबरोबर काळ्या लोकांच्या मालकीचे धंदेही बुडाले. पुढे मालक वॉल्टर ओमॅली याने १९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिन सोडलं. एबट्स फील्ड १९६० साली पाडलं आणि तिथे घरांच्या इमारती उठल्या. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर स्टेडियम उभं आहे त्या शावेझ रविनमधून आधी मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना उठवलं होतं. कारण सांगितलं होतं सरकारी घरकुलांचं. ती घरं झालीच नाहीत. शेवटच्या कुटुंबांना १९५९ च्या मे महिन्यात पोलिसांनी घराबाहेर काढलं आणि १९६२ मध्ये तिथे स्टेडियम सुरू झालं. या संघाचं मोठेपण सांगताना हे वगळलं तर तो इतिहास न राहता जाहिरात होईल.

तिसरा आक्षेप पैशाचा. शोहेई ओहतानीशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार करणाऱ्या संघाने २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदं घेतली, यात नवल ते काय? हा मुद्दा मला वजनदार वाटतो. लहान शहरात राहून, मळा लावून अकरा वेळा जिंकणं यात जे कसब आहे त्याला तोड नाही. उत्तम चालवलेला संघ कोणता असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून कार्डिनल्सचं नाव घेईन.

चौथा आक्षेप जायंट्सवाल्यांचा असेल. १९४९ मध्येच त्यांनी मॉन्टी आयर्विन आणि हँक थॉम्प्सन यांना घेतलं होतं. मेजर लीगमधला पहिला जपानी खेळाडू, मासानोरी मुराकामी, १९६४ मध्ये त्यांच्याकडूनच खेळला, डॉजर्सच्या हिदेओ नोमोच्या एकतीस वर्षं आधी. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण दुसऱ्याने पाऊल टाकणं आणि पहिल्याने टाकणं यात जो फरक असतो तो इथेही आहे. शेवटच्या संघाला, म्हणजे बोस्टन रेड सॉक्सला, हे पाऊल उचलायला १९५९ उजाडलं. कायद्याने कुणाला अडवलेलं नव्हतं. अडवत होती ती पहिलं कोण होणार ही भीती.

म्हणून माझा कौल डॉजर्सना. त्यांची विजेतेपदं दोनने कमी आहेत हे मान्य करून. श्रेष्ठ संघ म्हणजे ज्याच्या असण्याने लीग बदलली, असा निकष मी लावतो. १९४७ नंतरची नॅशनल लीग ही आधीच्या लीगपेक्षा वेगळी आणि सरस होती, आणि तिच्यात जिंकलेल्या प्रत्येक चषकात, मग तो सेंट लुईसचा असो की सॅन फ्रान्सिस्कोचा, ब्रुकलिनच्या त्या दुपारचा थोडा वाटा आहे.

रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक १९९७ साली सगळ्याच संघांनी निवृत्त केला. दरवर्षी १५ एप्रिलला मात्र झाडून सगळे खेळाडू तोच क्रमांक पाठीवर घालून खेळतात. त्या दिवशी कार्डिनल्सही ४२, जायंट्सही ४२ आणि यांकीजसुद्धा ४२. 'अकरा विरुद्ध नऊ' हा वाद घालणाऱ्यांनी त्या दिवशीचा एखादा सामना जरूर बघावा, आणि मग खुशाल भांडावं!