न्यूरबुर्गरिंग : घाटातल्या शर्यतीचा इतिहास

न्यूरबुर्गरिंग हा शर्यतमार्ग बेकारांना काम मिळावे म्हणून बांधला गेला. पश्चिम जर्मनीतला आयफेल डोंगराळ प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर फार गरीब होता. १९२५ मध्ये आडेनाऊचा जिल्हाधिकारी ओटो क्रॉइट्झ याने ही योजना पुढे रेटली आणि दुष्काळी कामावर लावावीत तशी हजारो माणसे त्यावर लावली गेली. जून १९२७ मध्ये मार्ग खुला झाला. मोटारींची पहिली शर्यत मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराचिओलाने जिंकली.

त्याची उत्तरेकडची फेरी, नॉर्डश्लायफे, तेव्हा सुमारे २२.८ किलोमीटरची होती. दीडशेहून अधिक वळणे, सुमारे ३०० मीटरचा चढउतार, दोन्ही बाजूंना जंगल. हा वळणावळणाचा घाटरस्ताच होता. फक्त समोरून वाहन येण्याची भीती नव्हती. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हा इथला नेहमीचा अनुभव. प्रत्येक वळण पाठ असलेला चालक दुबळ्या गाडीनेही बलाढ्य गाड्यांना गाठू शकत असे. मार्गाची कीर्ती याच लांबीमुळे झाली आणि पुढे मोठ्या शर्यती तिथून हलल्या त्याही तिच्यामुळेच.

दुबळ्या गाडीने बलाढ्य गाड्यांना गाठण्याचा पहिला मोठा दाखला १९३५ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये मिळाला. नाझी राजवटीच्या पाठबळावर मर्सिडीज आणि ऑटो युनियन यांच्या गाड्या त्या वेळी अजिंक्य मानल्या जात. त्यांच्यासमोर बेचाळीस वर्षांचा तात्सिओ नुवोलारी जुनाट अल्फा रोमिओ घेऊन उतरला. पेट्रोल भरताना त्याच्या संघाचा पंप बिघडला आणि हाताने इंधन ओतण्यात दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला. तरीही तो एकेक गाडी मागे टाकत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. शेवटच्या फेरीत आघाडीवरच्या मानफ्रेड फॉन ब्राउखिचचा टायर फुटला आणि नुवोलारी जिंकला. याला नुसते नशीब म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण मागून येणाऱ्या नुवोलारीच्या दडपणामुळेच ब्राउखिचला झिजलेल्या टायरवर गाडी दामटावी लागली होती.

४ ऑगस्ट १९५७ ची शर्यत याहून मोठी. अर्जेंटिनाचा हुआन मानुएल फांजिओ तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स न थांबता सर्व २२ फेऱ्या काढणार होते. फांजिओने मात्र मासेरातीची टाकी निम्मीच भरली. हलक्या गाडीने आघाडी घ्यायची आणि मध्ये एकदा थांबून इंधन व टायर घ्यायचे, असा त्याचा बेत होता. तो बाराव्या फेरीनंतर थांबला, पण काम लांबले आणि तो बाहेर पडला तेव्हा दोघे जवळपास पाऊण मिनिट पुढे निघून गेले होते. मग त्याने फेरीमागून फेरी मार्गाचा विक्रम मोडायला सुरुवात केली. त्याची सर्वोत्तम फेरी ९ मिनिटे १७.४ सेकंदांची होती, म्हणजे पात्रता फेरीतल्या त्याच्याच वेळेपेक्षा आठ सेकंदांनी कमी. लांब फेरीचा त्याला आणखी एक फायदा झाला. फेरारीच्या चालकांना पिटमधली पाटी नऊ-साडेनऊ मिनिटांतून एकदाच दिसे, त्यामुळे मागून काय येत आहे हे त्यांना उशिराच कळत होते. एकविसाव्या फेरीत फांजिओने दोघांनाही मागे टाकले. विजय फक्त ३.६ सेकंदांचा होता, पण त्यातून पाचवे विश्वविजेतेपद पक्के झाले. फांजिओचा हा चोविसावा आणि अखेरचा ग्रां प्री विजय. असे आपण पूर्वी कधी चालवले नव्हते आणि पुन्हा चालवायची इच्छाही नाही, असे तो नंतर सांगत असे.

गाड्यांचा वेग वाढत गेला, झाडे मात्र होती तिथेच राहिली. १९६८ मध्ये जॅकी स्टुअर्टने धुक्यात आणि पावसात चार मिनिटांच्या फरकाने शर्यत जिंकली. या मार्गाला ‘हिरवा नरक’ हे नाव त्यानेच दिले आणि सुरक्षेसाठी सर्वांत जास्त भांडलाही तोच. १९७० मध्ये चालकांनी इथे उतरायला नकार दिल्यावर शर्यत हॉकेनहाइमला गेली. न्यूरबुर्गरिंगवर कठडे बसवून दुरुस्त्या झाल्या आणि पुढच्या वर्षी ती परत आली.

१९७५ मध्ये निकी लाउडाने इथे सात मिनिटांच्या आत फेरी पूर्ण केली. असे करणारा तो पहिलाच. १९७६ मध्ये बहिष्काराचा प्रस्तावही त्यानेच मांडला. तेवीसेक किलोमीटरवर पुरेसे अग्निशामक आणि मदतनीस उभे करणे अशक्य आहे, हा त्याचा मुद्दा एका मताने फेटाळला गेला. १ ऑगस्टला दुसऱ्याच फेरीत, बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे, त्याची फेरारी बांधावर आदळून पेटली. त्याला बाहेर काढले ते आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल या चालकांनी, मार्गावरच्या मदत पथकाने नव्हे. लाउडाचा आक्षेप नेमका हाच होता. भाजण्यापेक्षाही फुप्फुसांत गेलेला विषारी धूर घातक ठरला होता आणि रुग्णालयात धर्मगुरूने मृत्यूपूर्वीचे अंतिम विधीही उरकले. सहा आठवड्यांनी तो मोंझाच्या शर्यतीत चौथा आला. विश्वविजेतेपद मात्र एका गुणाने जेम्स हंटकडे गेले.

फॉर्म्युला वनच्या ग्रां प्री शर्यती या फेरीवर पुन्हा झाल्या नाहीत. अर्थात ते सगळे या अपघातामुळे घडले असे म्हणता येत नाही, कारण जुन्या मार्गाचे दिवस भरल्याची चिन्हे आधीच दिसत होती. इतक्या लांब फेरीवर कॅमेरे लावणेही परवडणारे नव्हते.

१९८४ मध्ये शेजारीच सुमारे साडेचार किलोमीटरचा नवा, सुरक्षित मार्ग तयार झाला. उद्घाटनाला नामांकित चालकांना एकसारख्या मर्सिडीज गाड्या देण्यात आल्या. चोवीस वर्षांचा आयर्टन सेना पहिला आला आणि निकी लाउडा दुसरा. नव्या मार्गावर २०१३ पर्यंत अधूनमधून ग्रां प्री झाल्या. २०२० मध्ये करोनामुळे वेळापत्रक कोलमडले तेव्हा तिथे पुन्हा एक शर्यत भरली आणि लुइस हॅमिल्टनने मिखाएल शूमाखरच्या ९१ विजयांशी बरोबरी साधली. जुनी नॉर्डश्लायफे पैसे भरून कोणालाही गाडी चालवायला मिळते. मोटार कंपन्या नव्या गाड्यांची चाचणी तिथेच घेतात आणि फेरीची वेळ जाहिरातीत छापतात.